आईची लाईन, माझा हप्ता

आमच्या घरात पैसे बँकेत नसायचे, पोस्टात असायचे. बाबा अकोल्यातल्या एका दालमिलमध्ये मुनीम होते. पगार पाकिटातून रोख यायचा आणि घरभाडं, किराणा, गॅस असं करत वीस तारखेपर्यंत संपायचा. त्यातले काहीशे रुपये आईने एक तारखेलाच काढून घेतलेले असायचे, आणि ते पैसे आपले नव्हतेच असं आम्ही सगळे धरून चालायचो. पोस्टात गेलेला पैसा पाच वर्षं परत येत नाही. किंवा पंधरा वर्षं. लहानपणी मला वाटायचं, पोस्ट म्हणजे पैशाला गावी पाठवायची जागा.

आई स्वतःच पोस्टाची एजंट आहे, २००४ पासून. योजनेचं सरकारी नाव लांबलचक आहे: महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. १९७२ साली सुरू झालेली. बायकांनी दारोदार फिरून आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे, आणि त्यावर चार टक्के कमिशन घ्यायचं. २०११ च्या डिसेंबरात सरकारने पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन बंद केलं, बाकीच्यांचंही कापलं, पण बायकांचे हे चार टक्के राहू दिले. आमचं घर त्या चार टक्क्यांवर किती चालायचं हे बाबा कधी मोठ्याने बोलले नाहीत, पण माझी इंजिनिअरिंगची फी कुठून आली ते आम्हा तिघांनाही माहीत आहे.

रोजच्या फेरीला आई ‘लाईन’ म्हणते. रतनलाल प्लॉट, जठारपेठ, रणपिसे नगर. सुमारे दोनशे खाती. शाळेतल्या मॅडम, पोळ्या करणाऱ्या मावशी, एक झेरॉक्सवाला, दोन डॉक्टरांच्या बायका, एक पाणीपुरीवाला जो हप्ता फक्त दहाच्याच नोटांमध्ये देतो. एखाद्याचा हप्ता राहिला तर शंभराला एक रुपया दंड लागतो. एक रुपया! पण आई त्या एका रुपयासाठी आपल्या पदरचा हप्ता भरून मोकळी होते आणि मग पुढच्या महिन्यात दोन हप्ते मागायला जाते. मी तिला कितीदा सांगितलं की ही उधारी आहे, बचत नाही. ती म्हणते, “खातं तुटलं का मंग तो माणूस परत नाई उघडत.” हे मात्र खरं आहे. २०२० च्या टाळेबंदीत तिची चाळीसेक खाती तुटली, त्यातली जेमतेम दहा परत सुरू झाली.

पोस्टाचं काम पोर्टलवर गेल्यापासून लिस्ट बनवायचं काम माझ्याकडे आहे. एका लिस्टमध्ये रोख वीस हजारांच्या वर जाता येत नाही. म्हणून महिन्याच्या तीन लाखांच्या पंधरा-सोळा लिस्ट कराव्या लागतात, आणि प्रत्येक लिस्ट वीस हजारांच्या जितकी जवळ नेता येईल तितकं आईचं रांगेत उभं राहणं कमी होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी त्यासाठी एक एक्सेल शीट बनवली. पुढे अल्गोरिदमच्या पेपरात हाच प्रश्न ‘बिन पॅकिंग’ या नावाने आला, तेव्हा मला हसू आलं. सहा मार्कांचा होता.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी आम्ही घर घेतलं. आमच्या तिघांच्या आयुष्यातलं पहिलं. आणि त्या निमित्ताने मी सरकारच्या बचतीच्या आणि कर्जाच्या योजना वाचल्या. जाहिरातीत असतात तशा नाही, नियमांत असतात तशा. वाचताना पैशांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीत अडकत गेले. प्रत्येक योजनेच्या पोटात ‘कुटुंब’ नावाची एक व्याख्या असते. आणि कमावती मुलगी, हप्ते गोळा करणारी आई आणि पीएफ नंबर नसलेले बाबा असं आमचं कुटुंब त्यातल्या कुठल्याच व्याख्येत सरळ बसत नाही.

आधी घर कुठे घ्यायचं हा प्रश्न होता. मी २०१५ ते २०१९ अमरावतीत शिकले. होस्टेल, कठोरा नाक्यावरचा चहा, राजकमल चौकातली संध्याकाळची गर्दी, पावसाळ्यात वडाळीकडे भटकणं. पहिल्यांदा एकटी राहिले ते त्या शहरात. नंतर नोकरीला पुण्यात गेले, मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन अकोल्याला आले, आणि पुढे नोकरी बदलली तीही घरून काम करता येईल अशीच. त्यामुळे घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अमरावतीच यायची. रस्ताही आता चांगला आहे. हाच तो अमरावती ते अकोला पट्टा, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. मी आईला म्हटलं, दीड-दोन तासांत तू अकोल्यात येशील.

“माह्ये दोनशे खातेदार तू अमरावतीले नेणार हायेस काय वं?”

मी म्हटलं, आता किती वर्षं करणार आहेस लाईन. ती काही बोलली नाही, पिशवी उचलली आणि गेली. जठारपेठेत दोनशे घरांमध्ये तिला हक्काने पाणी मिळतं, अमरावतीत ती फक्त माझी आई असली असती. हे मला तेव्हा कळत होतं, तरी मी तीन रविवार अमरावतीत फ्लॅट बघत फिरले. रहाटगाव, अर्जुननगर, कठोरा रोड. मला आवडलेल्या फ्लॅटची किंमत अडतीस ते बेचाळीस लाख सांगितली गेली. आणि इथे योजनेने पहिल्यांदा तोंड उघडलं.

प्रधानमंत्री आवास योजना म्हटलं की आमच्याकडे लोकांना एकच गोष्ट आठवते: घरकुल. मोठी आईने ऐकलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “काऊन वं, तुमचं घरकुलच्या लिस्टमंदी नाव आलं काय?” तिची चूक नाही. स्वतःच्या प्लॉटवर बांधायला अडीच लाखांचं अनुदान मिळतं, तो या योजनेचा एक भाग आहे आणि वऱ्हाडात तोच सगळ्यात जास्त दिसतो. दुसरा भाग कर्जावरच्या व्याजात सवलतीचा. पहिली शहरी योजना २५ जून २०१५ ला आली. तिच्यात सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना २ लाख ६७ हजारांपर्यंतची रक्कम एकदम कर्जखात्यात मिळायची, मध्यम उत्पन्नवाल्यांना थोडी कमी. मध्यम गटाची खिडकी मार्च २०२१ मध्ये बंद झाली, खालच्या गटाची मार्च २०२२ मध्ये. माझ्या आधी नोकरीला लागलेल्यांपैकी काहींना ती मिळाली. माझ्या बॅचला नोकरी लागून हातात चार पैसे येईपर्यंत खिडकी बंद.

मग १ सप्टेंबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती सुरू झाली. आवृत्तीच म्हणते, कारण नावातच २.० आहे आणि आम्हा लोकांना पॉइंट झिरो दिसलं की आधी बदल काय झाले ते बघायची सवय असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत. घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत. कर्ज पंचवीस लाखांपर्यंत. चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. आणि देशात कुठेही कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर पक्कं घर नको. हे सगळं जमलं तर कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर, बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, चार टक्के व्याज सवलत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत.

हे आकडे पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला सांगितले तर ती हसली. पस्तीस लाखांत पुण्यात काय मिळतं? गाडी लावायची जागा आणि वर थोडं आकाश. पण अकोल्यात पस्तीस लाखांत बऱ्यापैकी घर येतं. म्हणजे दिल्लीत बसून कोणीतरी लिहिलेली मर्यादा पुण्यात निरुपयोगी, मला आवडलेल्या अमरावतीत थोडी तोकडी आणि अकोल्यात अगदी मापाची. आई जे तीन रविवार सांगत होती ते योजनेने एका ओळीत सांगितलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पाह्य, सरकारलेबी समजते.”

अकोल्यात मग स्वस्ताचे मोह दाखवणारे पुष्कळ भेटले. शहराच्या कडेला निम्म्या किमतीत प्लॉट. “ताई, घ्या अन् बांधा.” विचारलं, एनए आहे का? उत्तर यायचं, होऊन जाईल. यातले बरेच गुंठेवारीचे: शेतजमिनीचे तुकडे करून विकलेले, मंजूर लेआउट नसलेले. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्याची तारीख पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली गेली. पण नियमित झालेला कागद हातात नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही. आणि कर्ज नाही तर व्याज सवलत कशावर? आमच्या ओळखीच्यांत निदान चार घरं अशी आहेत जी आयुष्याच्या रोख बचतीतून उभी राहिली आणि ज्यांच्यावर कधी कर्ज मिळणार नाही. त्यांना कोणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. त्यांचं उत्पन्न कुठल्या स्लिपवर लिहिलेलंच नव्हतं, मग ते बँकेच्या दारात काय घेऊन जाणार होते?

शेवटी घर सापडलं ते आईच्याच लाईनवर. तिच्या एका खातेदार बाई मुलाकडे नागपूरला जाणार होत्या. दुसरा मजला, दोन बेडरूम, बारा वर्षं जुनी इमारत. आईने सगळ्यात आधी बोअरिंगला पाणी किती दिवस असतं ते विचारलं, मग टाकी किती लिटरची ते, आणि मग किंमत. अकोल्यात काटेपूर्णेचं पाणी नळाला रोज येत नाही. ज्याने इथे चोवीस वर्षांत पाच भाड्याची घरं बदलली त्याला घरापेक्षा टाकी आधी दिसते. सौदा एकतीस लाखांवर ठरला. पन्नास हजार विसार दिला.

आता हिशोब. पंचवीस लाखांच्या वर कर्ज घेतलं तर योजना हातची जाते. म्हणजे सहा लाख स्वतःचे. त्यावर मुद्रांक शुल्क, आणि नोंदणी फी जी एक टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. वकिलाचा सर्च रिपोर्ट, बँकेचे किरकोळ खर्च. हे कर्जात बसत नाही, खिशातूनच जातं. एकूण आठ लाखांच्या पुढे.

हातात तीन कुलपं होती. पहिलं पीपीएफचं. आईने २००९ मध्ये, मी बारा वर्षांची असताना, माझ्या नावाने पोस्टात उघडलेलं. तेव्हा व्याज आठ टक्के होतं, मधे ८.८ पर्यंत गेलं, एप्रिल २०२० पासून ७.१ वर बसलंय ते उठलेलं नाही. सुरुवातीची दहा वर्षं आई महिन्याला पाचशे भरायची, नंतर मी दोन हजार. पंधरा वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत, ज्या आर्थिक वर्षात उघडलं त्याच्या शेवटापासून मोजतात. म्हणून ते १ एप्रिल २०२५ ला सुटलं. तीन लाख वीस हजारांच्या आसपास. पासबुकाच्या पहिल्या पानावर माझा शाळेच्या गणवेशातला फोटो आहे, दोन वेण्या, रिबिनीसकट. काउंटरवरचे काका एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हीच का?”

दुसरं कुलूप पीएफचं. माझ्या पहिल्या नोकरीपासून, जुलै २०१९ पासून, दर महिन्याला कापलं जाणारं. बाबांनी सदतीस वर्षं नोकरी केली आणि त्यांचा पीएफ नंबरच नाही. मला पहिल्या पगाराआधी नंबर मिळाला. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर घरासाठी त्यातून पैसे काढता यायचे. मला पावणेतीन लाख तरी मिळाले असते. (गेल्या ऑक्टोबरात पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायचे नियम सोपे करायचा निर्णय घेतला, मी सांगतेय ते त्याआधीचं.) फॉर्म भरायला बसण्याआधी मी सवयीने मूळ नियम वाचला, परिच्छेद ६८-ब. त्यात एक वाक्य आहे: सामाईक मालमत्तेतला हिस्सा घ्यायला हे पैसे मिळणार नाहीत. जोडीदाराबरोबर सामाईक असलेल्या जागेचा तेवढा अपवाद.

आईचं काय?

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. नवरा असता तर चाललं असतं, मग लग्न कालच झालेलं का असेना. पण जिने मला दहा वर्षं पाचशे रुपये लावले तिचं नाव माझ्या नावाशेजारी आलं तर पीएफच्या दृष्टीने तो परक्याबरोबरचा व्यवहार. गंमत म्हणजे आवास योजना नेमकं उलटं मानते. तिच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे तिथे मी आईबाबांच्या पोटात; माझा पगार आणि आईचं कमिशन एकत्र मोजायचं (साडेआठ लाख भरलं, थोडक्यात वाचलो). एका खिडकीवर मी अजून आईबापाचं लेकरू, दुसऱ्या खिडकीवर मी एकटी, नवऱ्याची वाट बघणारी. दोन्ही खिडक्या एकाच सरकारच्या.

घरात कोणी तक्रार करणार नाही हे माहीत होतं. ऑनलाइन अर्जात हा प्रश्न कदाचित कोणी विचारलाही नसता, आणि “टाकून दे, सगळेच टाकतात” म्हणणारे मित्रही होते. पण खोटं लिहायचं किंवा आईचं नाव काढायचं, यातलं काहीच मला नको होतं. आई म्हणत होती, “तुह्या एकटीच्या नावानं घे. माह्यं नाव कायले पायजे?” हे ती मनापासून म्हणत होती, म्हणून जास्त लागत होतं. तिच्या नावावर आयुष्यात काहीही नव्हतं. दोनशे लोकांच्या खात्यांचे नंबर तिला पाठ, पण लाइट बिलसुद्धा घरमालकाच्या नावाचं.

मग मी पैशाचाच हिशोब नीट केला आणि तो माझ्या बाजूने निघाला. पीएफवर ८.२५ टक्के मिळत होते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये रेपो दर साडेपाचवर आणल्यावर आम्हाला कर्ज साडेसात टक्क्यांनी मिळत होतं. सव्वाआठ मिळवून देणारा पैसा काढून साडेसातचं ओझं हलकं करण्यात काय अर्थ? पीएफ तिथेच राहू दिला. घर दोघींच्या नावावर.

तिसरं कुलूप उरलं: आईची स्वतःची आरडी. महिना पाच हजार, जुलै २०२० मध्ये उघडलेली. मार्च २०२० पर्यंत आरडीवर ७.२ टक्के होते, १ एप्रिलपासून ५.८ झाले, आणि ज्या दराने खातं उघडतं तोच पाच वर्षं चालतो. लोक खाती तोडत असताना आईने त्या दराने स्वतःचं उघडलं. मी घरखर्चाला द्यायचे त्यातलेच हे पैसे. जुलै २०२५ मध्ये ३ लाख ४८ हजार झाले. कशासाठी होते ते मला विचारावं लागलं नाही. आपल्याकडे मुलीच्या पहिल्या पगारानंतर उघडलेली पाच वर्षांची आरडी कशासाठी असते ते सगळ्यांना माहीत असतं.

बाबा त्या रात्री पहिल्यांदा बोलले. “मंग लग्नाचं काय?” आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, “घर राह्यलं त खाली पार्किंगमंदी मंडप तरी टाकता येईन. भाड्याच्या घरी त घरमालक चप्पलबी बाहेर काढू देत नाई.” मोठी आईचं मत वेगळं होतं: पोरीने लग्नाआधी घर घेतलं की स्थळं बिचकतात. मामाचं आणखी वेगळं: घर आहे म्हटल्यावर हुंडा मागणार नाहीत. मी दोघांनाही “हो” म्हटलं. पाच-सहा जणांना एकच गोष्ट समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

माझ्या बचतीतले दीड लाख घालून बेरीज जुळली. मग कागद. पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र करताना गावचं घर आठवलं. मूर्तिजापूरकडे बाबांच्या गावी आजोबांचं धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती, एक बाजू खचलेली. बाबा ते कोणाला दाखवत नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ते मोठ्या बाबांच्या नावावर आहे, आणि मातीचं म्हणूनच नोंदलेलं. आम्ही उतारा आणला. बँकेतला अधिकारी तो वाचून म्हणाला, कच्चं आहे ना, मग काही अडचण नाही. बाबांनी तो उतारा घडी घालून खिशात ठेवला, परत फाइलला लावायला द्यायला विसरले; दुसऱ्या दिवशी मी मागून घेतला.

आणि नाव. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. एकतीस लाखांवर एक टक्का म्हणजे एकतीस हजार. बाबांचं नाव खरेदीखतात घातलं की ते एकतीस हजार गेले. मला हे बाबांना कसं सांगायचं कळेना. आईने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. बाबा म्हणाले, “एकतीस हजार मोठी रक्कम हाये.” मुनीम माणूस. पुढे काही बोलले नाहीत.

रजिस्ट्रीला दोन साक्षीदार लागतात. एक विकणाऱ्या बाईंचा मुलगा झाला. दुसरे बाबा झाले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो, अंगठे, टोकनची वाट बघणं यात दुपार गेली. आईचा अंगठा मशीन घेईना. वीस वर्षं नोटा मोजून रेषा झिजल्यात असं ती म्हणाली. ऑपरेटर म्हणाला, हात पुसा मावशी. चौथ्यांदा लागला. संध्याकाळी इंडेक्स टूची प्रत हातात आली तेव्हा बाबांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, खालपासून वरपर्यंत, हिशोबाची वही तपासावी तशी. मग आईला दाखवून म्हणाले, “माह्यं नाव दोनदा हाये.” आम्ही दोघींनी वाकून बघितलं. आईचं नाव, मधे त्यांचं, मग आडनाव. माझं नाव, मधे त्यांचं, मग आडनाव.

आता हप्ता सुरू आहे. पंचवीस लाख, वीस वर्षं, साडेसात टक्के: महिना २०,१४० रुपये. दर असाच राहिला तर एकूण व्याज तेवीस लाखांच्या वर जातं. त्याच्यापुढे योजनेचे एक लाख ऐंशी हजार किती, ते तुम्हीच बघा. वर्षाला छत्तीस हजार, म्हणजे पावणेदोन हप्ते. ज्यांना वाटतं सरकार घर घेऊन देतं त्यांनी हे गणित एकदा करून बघावं. ज्यांना वाटतं योजनेत काही राम नाही त्यांनीही करावं, कारण पावणेदोन हप्ते ही आमच्या घरात चेष्टेची रक्कम नाही. कंपनीतले सीनियर सांगायचे की गृहकर्जाने टॅक्स वाचतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे माझ्या पगारात वाचवायला काही उरलेलंच नाही. तो सल्ला आता फक्त जास्त पगारवाल्यांसाठी.

एका अटीवरून मात्र घरात अजून वाद आहे. सवलतीचा वार्षिक हप्ता येताना कर्ज चालू पाहिजे आणि मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त बाकी असलं पाहिजे. आईला हे पटतच नाही. तिच्या दृष्टीने कर्ज म्हणजे अंगाला लागलेली आग. पैसा आला की आधी ती विझवायची. मी तिला सांगते, पाच वर्षं घाई करायची नाही. ती म्हणते, “लवकर फेडणाऱ्याले दंड, हे कोणतं शास्त्र?” मी सांगते की दंड नाही, फक्त सवलत थांबते. मग ती तिच्या खातेदारांचे पैसे कुठे जातात ते काढते. तिला मीच सांगितलं होतं की अल्पबचतीचा सगळा पैसा १९९९ पासून एका राष्ट्रीय निधीत जातो आणि सरकार तो कर्ज म्हणून वापरतं. “म्हणजे सरकार पाणीपुरीवाल्याकडून उसने घेते अन् तू बँकेकडून. मंग त्यायले सांग ना लवकर फेडा म्हणून.” याला माझ्याकडे उत्तर नाही.

राहायला आलो त्या आठवड्यात पेट्या अजून बांधलेल्या होत्या. आई सकाळी दहाला नेहमीची पिशवी घेऊन निघाली आणि अर्ध्या तासात परत आली. मला वाटलं काही विसरली. ती खालच्या मजल्यावरच थांबली होती. तिथल्या वहिनींनी चहाला बोलावलं, बोलता बोलता व्याज विचारलं. आईने ६.७ सांगितलं. आता आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो पाहिजे होते, आणि माझ्याकडे कोरा फॉर्म आहे का ते विचारायला ती आली होती. फॉर्म तिसऱ्या पेटीत होते. तिने त्यातले दोन काढले. एक वहिनींचा. दुसऱ्यावर तिने तिथेच, पेटीवर ठेवून, स्वतःचं नाव लिहिलं, आणि नव्या पत्त्याच्या रकान्याशी थांबून मला विचारलं, “आपला फ्लॅट नंबर काय वं?”